हत्या रोखणारे घर : सावित्रीबाईंचे दुर्लक्षित कार्य

उस्मानपुरा (छत्रपती संभाजीनगर) : सावित्रीबाई फुले यांचे नाव निघाले की सर्वप्रथम आठवते ती १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात सुरू झालेली मुलींची शाळा. उस्मानपुऱ्यातील शासकीय तंत्रनिकेतनात आज मुली अभियांत्रिकीचे धडे गिरवतात, त्यांच्या वाटचालीचा उगमही त्याच शाळेत शोधावा लागतो. सावित्रीबाईंचा जन्मदिवस, ३ जानेवारी, राज्यभर बालिका दिन म्हणून साजरा होतो, तोही प्रामुख्याने शिक्षणाच्या संदर्भात. मात्र या कर्तृत्वाच्या प्रखर प्रकाशात त्यांचे आणखी एक कार्य काहीसे झाकोळून गेले आहे. माणसाच्या हातून होणारे माणसाचे मरण टाळता येते आणि ते टाळणे ही समाजाची जबाबदारी आहे, या जाणिवेने त्यांनी व जोतिरावांनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरातच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले.

हत्या हा पोलीस आणि न्यायालय यांच्या अखत्यारीतील विषय, अशीच सर्वसाधारण समजूत आहे. गुन्हा घडतो, तपास होतो, आरोपीला शिक्षा होते आणि प्रकरण मिटते. आरोग्यशास्त्र मात्र याच घटनेकडे मृत्यूचे एक कारण म्हणून पाहते. असे मृत्यू किती होतात, कोणत्या वयात आणि कोणाच्या घरात होतात, त्यांच्या आधी काय घडते आणि कोणत्या टप्प्यावर ते थांबवता येतील, हे प्रश्न ते विचारते. जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ मध्ये हिंसाचार ही सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचे जाहीर केले आणि २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिंसाचार व आरोग्य यांविषयीचा आपला पहिला जागतिक अहवाल प्रसिद्ध केला. पुण्याच्या गंज पेठेतील एका दाम्पत्याने त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी नेमका हाच मार्ग धरला होता. त्यांच्यापाशी ना सरकारी अनुदान होते, ना वैद्यकीय पदवी.

नायगावची लेक

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह तेरा वर्षांच्या जोतिराव फुले यांच्याशी झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणेच झालेला हा बालविवाह होता. पुढचे आयुष्य मात्र रूढीप्रमाणे गेले नाही. जोतिरावांनी पत्नीला घरीच अक्षरओळख करून दिली. त्यानंतर सावित्रीबाईंनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले आणि १८४८ मध्ये मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या.

शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई. शाळेत पोहोचल्यावर बदलण्यासाठी त्या एक जादा लुगडे जवळ बाळगत. समाजाच्या रोषाला घाबरून सासरे गोविंदराव यांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. अशा वेळी उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिला, तर फातिमा शेख अध्यापनाच्या कामात सोबतीला उभ्या राहिल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे फुले दाम्पत्याचा शिक्षणकार्याबद्दल गौरव झाला. १८५४ मध्ये सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. एवढे कार्य एखाद्या आयुष्याला पुरेसे ठरले असते. परंतु शाळेत मुली पाठवणाऱ्या आणि न पाठवणाऱ्या घरांच्या आत काय चालते, हेही त्यांना दिसत होते. त्या दिसण्यातूनच पुढच्या कार्याची दिशा ठरली.

काशीबाईचा खटला

एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरांत मुलींची लग्ने आठव्या-नवव्या वर्षी होत, तीही अनेकदा बऱ्याच मोठ्या वयाच्या वराशी. नवरा गेला की ती मुलगी, कधी कधी वयात येण्याआधीच, विधवा ठरे. तिचे केशवपन होई, तिला एकवेळ जेवावे लागे आणि घरातील कष्टाची सगळी कामे तिच्या माथी पडत. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाहाला मान्यता दिली असली तरी समाजाने ती दिली नव्हती. अशा निराधार स्त्रीवर घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाने हात टाकला तर तिला दाद मागण्याची जागा नव्हती. दिवस गेले तर तिच्यापुढे तीनच वाटा उरत : विषारी औषध घेऊन गर्भ पाडणे, चोरून बाळंत होऊन मूल संपवणे किंवा स्वतःच विहीर जवळ करणे.

जोतिरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या पुण्यातील घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला नादी लावले. तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय थकले आणि मूल जन्माला आले. लोकलज्जेने भेदरलेल्या काशीबाईने त्या अर्भकाचा गळा चिरला आणि देह विहिरीत टाकला. दोन दिवसांनी तो सापडला. पोलिसांनी तिला अटक केली, खटला चालला आणि १८६३ मध्ये तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्या शास्त्र्याला कोणतीही शिक्षा झाली नाही.

कायद्याच्या दृष्टीने प्रकरण येथे संपले. गुन्हा शाबीत झाला होता, गुन्हेगार अंदमानला रवाना झाली होती. मात्र काशीबाईला ज्या परिस्थितीने त्या विहिरीपर्यंत नेले, ती परिस्थिती पुण्याच्या कितीतरी वाड्यांत जशीच्या तशी होती. म्हणजे पुढची हत्या कोणत्या ना कोणत्या घरात वाढत होती. शिक्षेच्या धाकाने ती टळणार नव्हती, कारण त्या स्त्रियांना काळ्या पाण्यापेक्षा समाजाची भीती अधिक होती. फुले दाम्पत्याने हे ओळखले आणि खटला संपताच गंज पेठेतील आपल्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले.

भिंतींवरील जाहिराती

या गृहाची कार्यपद्धती साधी होती आणि तिच्या साधेपणातच तिचे सामर्थ्य होते. गृह सुरू झाल्याची छापील जाहिरात पुण्यातील ब्राह्मण वस्तीच्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर, भिंतींवर चिकटवण्यात आली. विधवांनी येथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूप बाळंत व्हावे, मूल सोबत न्यावे किंवा येथेच ठेवून जावे, असे तिचे आवाहन होते. ज्या विषयाचा उच्चार घरातही होत नसे, तो थेट भिंतीवर आला, याने किती खळबळ उडाली असेल याची कल्पना करता येते.

संस्थापक म्हणून जोतिरावांचे नाव पुढे असले तरी हे गृह प्रत्यक्षात चालवायचे म्हणजे काय करायचे, याचा विचार केला की सावित्रीबाईंचा वाटा लक्षात येतो. रात्री-अपरात्री दार ठोठावणाऱ्या गर्भार स्त्रीला आत घेणे, तिची जात, गाव आणि त्या पुरुषाचे नाव यांची चौकशी न करता तिला धीर देणे, बाळंतपण निभावणे, बाळंतिणीची शेकशेगडी, तान्ह्या मुलाचे दूधपाणी आणि मागे राहिलेल्या मुलांचे संगोपन, हे सर्व त्या घरातील बाईनेच करायचे होते. सावित्रीबाईंना स्वतःला अपत्य नव्हते. शाळेतून घरी आल्यावर वाट पाहणारी मुले ही अशी परक्या पोटची होती.

आधुनिक परिभाषेत सांगायचे तर त्यांनी धोक्यात असलेला गट हेरला, मृत्यूच्या आधीच्या टप्प्यावर हस्तक्षेप केला, सेवा विनामूल्य आणि गोपनीय ठेवली आणि तिची माहिती नेमक्या त्या वस्तीत पोहोचवली. कोणत्याही आरोग्य मोहिमेचे आराखडे आजही याच चार खांबांवर उभे असतात.

पस्तिसांपैकी पाच

या गृहाविषयी बोलताना त्याच्या यशाची वर्णने पुष्कळ होतात. परंतु फुल्यांनी स्वतः मागे ठेवलेला हिशेब अधिक विचार करायला लावणारा आहे. सक्तीच्या वैधव्यासंबंधी ४ डिसेंबर १८८४ रोजी लिहिलेल्या आपल्या अभिप्रायात जोतिरावांनी गृहाची आकडेवारी दिली. स्थापनेपासून तोवर ३५ गर्भवती विधवा येथे येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी ५ जिवंत होती, ३० दगावली होती. गर्भ लपवण्यासाठी मातांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांमुळे गर्भातच झालेली इजा हे या मृत्यूंचे कारण त्यांनी नोंदवले.

एखाद्या संस्थाचालकाला हा आकडा झाकून ठेवता आला असता. ३५ स्त्रिया वाचल्या, एवढेच सांगितले असते तरी ते खोटे ठरले नसते. त्या पस्तीस जणींपैकी कोणावरही काशीबाईसारखी अंदमानची वाट धरण्याची वेळ आली नाही, हे यश लहान नाही. परंतु फुल्यांनी मृत्यूही मोजले आणि त्यांचे कारणही शोधले. त्या कारणाने एक गोष्ट उघड केली. दार उघडे होते, पण त्या दारापर्यंत पोहोचायला स्त्रियांना उशीर होत होता. आधी घरातल्या घरात औषधे, मग कोणी सांगितलेले काढे, मग आणखी जालीम उपाय आणि सगळे निष्फळ झाल्यावर गंज पेठ. हत्या बाळंतपणाच्या रात्री घडत असली तरी तिची सुरुवात कित्येक महिने आधी, पहिल्या भीतीच्या क्षणी झालेली असे.

म्हणूनच फुल्यांचे प्रयत्न या एका गृहापुरते थांबले नाहीत. बालविवाह, केशवपन, विधवाविवाहाला होणारा विरोध आणि स्त्रीचे अज्ञान या सर्वांविरुद्ध एकाच वेळी झुंज देण्याची त्यांची धडपड वरवर पाहता विखुरलेली वाटते. त्या ३० मृत्यूंच्या संदर्भात पाहिले तर तिचे सूत्र सापडते.

नायगावातील दोन जीव

सावित्रीबाईंनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी २९ ऑगस्ट १८६८ च्या पत्रात एका टळलेल्या हत्येची हकिगत आहे. त्या वेळी त्या माहेरी, नायगावला होत्या. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव हिंडत असे. त्याचे सारजा या महार समाजातील मुलीशी प्रेम जुळले आणि तिला दिवस गेले. सहावा महिना लागला तेव्हा बातमी फुटली. गावातील जमावाने दोघांना पकडले, मारझोड करीत त्यांची धिंड काढली आणि त्यांना ठार मारण्याचा घाट घातला.

ही वार्ता कानी पडताच सावित्रीबाई तेथे धावल्या. इंग्रजी अमलात खुनाचे परिणाम काय होतात, हे त्यांनी जमावाला ठणकावून सांगितले. मारण्याचा बेत बारगळला. तथापि दोघांनी गाव सोडावे, असा हट्ट लोकांनी धरला. सावित्रीबाईंनी त्या दोघांना सुखरूप बाहेर काढून पुण्याला जोतिरावांकडे पाठवून दिले.

घटना १८६८ ची असली तरी तिचे वर्णन आजच्या वाचकाला अपरिचित वाटणार नाही. प्रतिष्ठेच्या नावाखाली होणाऱ्या हत्या आजही घडतात. डिसेंबर २०२१ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्याच वैजापूर तालुक्यात, मनाविरुद्ध लग्न केल्याच्या रागातून एका गर्भवती तरुणीचा तिच्या घरच्यांनीच जीव घेतल्याच्या घटनेने राज्य हादरले होते. सारजा वाचली, कारण वेळेवर एक व्यक्ती मध्ये उभी राहिली आणि तिच्यापाशी त्या दोघांना पाठवण्यासाठी एक सुरक्षित घर होते. या दोनपैकी एक गोष्ट जरी नसती तरी त्या दिवशी नायगावात तीन जीव गेले असते.

पंढरपूर, सुरत आणि बुलढाणा

फुल्यांच्या गृहापाठोपाठ १८७५ मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन झाले आणि प्रार्थना समाजाने त्याचा भार उचलला. एका घराने दाखवलेली वाट रुळत चालल्याची ही खूण होती. तरीही मूळ दुखणे कायम होते. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा ठोठावण्यात आली. अपिलात ती जन्मठेपेवर आणि पुढे आणखी खाली आली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रियांच्या चारित्र्यावर जी राळ उडवली गेली, तिने संतप्त होऊन बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे वडील सत्यशोधक विचारांचे होते. जोतिरावांनी ताराबाईंची बाजू जाहीरपणे उचलून धरली.

काशीबाई आणि विजयालक्ष्मी या दोन खटल्यांत अठरा वर्षांचे अंतर आहे. दोन्हींत शिक्षा झाली ती मातेलाच. त्या गर्भाला जबाबदार असलेला पुरुष आणि त्या स्त्रीला कोंडीत पकडणारे कुटुंब यांच्यापैकी कोणीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले नाही. ताराबाईंनी लेखणीने जे विचारले, तेच सावित्रीबाई आपल्या घराचे दार उघडे ठेवून विचारीत होत्या.

दरम्यान सार्वजनिक कार्याचा व्याप वाढतच होता. १८६८ मध्ये फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात सावित्रीबाई जुन्नर भागात मदतकार्यात होत्या. ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी अन्नपाण्यावाचून कोसळणाऱ्या माणसांची आणि जनावरांची अवस्था कळवली आहे. सावकारांच्या जाचातून उद्भवलेल्या दंग्यात पन्नास सत्यशोधक पकडले गेले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी कलेक्टरशी निर्भयपणे बोलणे केले. रोग, भूक किंवा हिंसा, मरण कोणत्याही रूपाने आले तरी त्याला दैवगती मानून हातावर हात धरून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

यशवंत

गृहात आलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला १८७४ मध्ये फुले दाम्पत्याने दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. जोतिरावांच्या भावकीला हे रुचणे शक्य नव्हते. तरीही १० जुलै १८८७ रोजी केलेल्या मृत्युपत्रात जोतिरावांनी यशवंतालाच आपला वारस नेमले. ज्या मुलाचे भवितव्य एरवी एखाद्या विहिरीत संपले असते, तो फुले घराण्याचा वारस झाला आणि वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाला. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याचा विवाह सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने झाला.

जोतिरावांना १८८८ मध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी दत्तकाच्या अधिकारावरून वाद उपस्थित झाला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन पुढे झाल्या. पत्नीने पतीच्या अंत्ययात्रेचे असे नेतृत्व करणे ही त्या काळी अकल्पित गोष्ट होती. पुढे १८९३ मध्ये सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषवले.

प्लेगचे दिवस

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला आणि नव्या वर्षाच्या आरंभी तो पुण्यात पसरला. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा केला. रँड यांच्या अधिकाराखाली गोरे सोजिर घराघरांत शिरून रोगी शोधू लागले. रोगापेक्षा त्या झडतीची धास्ती मोठी झाली. आजारी माणूस दडवून ठेवण्याकडे लोकांचा कल वाढला आणि त्यामुळे साथ आणखी फैलावली. धाकाने मरण टळत नाही, ते लपते, हा काशीबाईच्या वेळचा अनुभव येथे पुन्हा आला.

सावित्रीबाईंनी यशवंताच्या मदतीने हडपसरनजीक ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्या स्वतः रुग्णांना तेथे आणीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. मुलगा बरा झाला. सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. बालहत्या प्रतिबंधक गृहाने वाचवलेला मुलगाच त्यांच्या अखेरच्या कार्यात डॉक्टर म्हणून त्यांच्यासोबत होता.

आजचा हिशेब

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, म्हणजे लाख लोकसंख्येमागे २.१. नव्वदच्या दशकाच्या आरंभी, लोकसंख्या बरीच कमी असतानाही, हा आकडा चाळीस हजारांच्या आसपास होता. दीर्घकालीन कल उतरता आहे, ही समाधानाची बाब आहे. मात्र एकूण आकडा खाली येत असताना घराच्या आतील मरणे त्याच वेगाने कमी होतात असे गृहीत धरता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे ८९ हजार स्त्रिया व मुलींच्या हत्या झाल्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचा जीव पतीने, जोडीदाराने किंवा कुटुंबातील अन्य व्यक्तीने घेतला.

अर्भकांच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव लक्षणीय आहे. तेथील नोंदींनुसार, आयुष्याच्या पहिल्या दिवशी हत्येचा धोका सर्वाधिक असतो. १९९९ मध्ये टेक्सासने कायदा करून नवजात मूल रुग्णालयासारख्या ठिकाणी सुखरूप सोपवणाऱ्या मातेला कारवाईपासून संरक्षण दिले. काही वर्षांतच सर्व राज्यांनी असे कायदे केले. १९८९ ते १९९८ या दशकाच्या तुलनेत २००८ ते २०१७ या दशकात पहिल्या दिवसाच्या हत्यांचे प्रमाण सुमारे दोन तृतीयांशांनी घटल्याचे तेथील रोगनियंत्रण केंद्राने नोंदवले. त्यामागे अन्य कारणेही असू शकतात. परंतु या कायद्यामागील कल्पना पुण्याच्या भिंतींवर १८६३ मध्येच लागलेली होती.

भारतातही ही वाट आता कायद्याने मोकळी आहे. १९७१ च्या कायद्याने सुरक्षित आणि गोपनीय गर्भपाताचा मार्ग दिला, २०२१ च्या दुरुस्तीने अविवाहित स्त्रियांसाठीही तो अधिक स्पष्ट केला. त्या ३० मुलांचा बळी घेणाऱ्या विषारी औषधांना हा वैद्यकीय पर्याय आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार मूल सांभाळणे शक्य नसलेल्या मातेला ते बालकल्याण समितीकडे सोपवता येते आणि फेरविचारासाठी तिला दोन महिन्यांची मुदत मिळते. दुसरीकडे, गर्भातच मुलगी नाकारण्याचे प्रकार कायद्याच्या परिभाषेत खून नसले तरी त्यांची मानसिकता तीच आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण औरंगाबाद जिल्ह्यात ८५८ आणि बीड जिल्ह्यात ८०७ इतके खाली गेले होते. त्यामागे गर्भलिंग निदानाचा मोठा वाटा होता. देशात सर्वप्रथम, १९८८ मध्ये, गर्भलिंग निदानाविरुद्ध कायदा करणाऱ्या महाराष्ट्राची ही स्थिती होती.

कायदे झाले, समित्या आल्या, पाळणे लागले. तरीही कचराकुंडीत किंवा रस्त्याकडेला अर्भक सापडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. अशा बातमीनंतर चर्चा होते ती निर्दयी मातेची आणि शोध सुरू होतो तो तिचाच. तिला गर्भ राहिल्यापासून बाळंतपणापर्यंतच्या नऊ महिन्यांत तिने कोणाकडे जायचे होते, ते दार तिला ठाऊक होते का, आणि ठाऊक असते तरी ते ठोठावण्याचे धाडस तिच्याभोवतीच्या माणसांनी तिच्यात उरू दिले होते का, हे प्रश्न मागेच राहतात. फुल्यांच्या हिशेबातील ३० हा आकडा याच प्रश्नांकडे बोट दाखवतो.

पुणे विद्यापीठाला २०१४ मध्ये सावित्रीबाईंचे नाव देण्यात आले. गंज पेठेतील फुले वाडा स्मारक म्हणून जतन केलेला आहे. तेथे जाणाऱ्या शाळकरी मुलांना पहिल्या शिक्षिकेची गोष्ट आवर्जून सांगितली जाते. त्याच आवारात ३५ भेदरलेल्या स्त्रिया रात्रीच्या अंधारात आल्या होत्या आणि त्यांना आत घेताना कोणीही त्यांचे नाव विचारले नव्हते, हेही त्यांना सांगितले गेले पाहिजे.